गळती शोधायचं काम कुणाचं?

सरकारी गाडीखाली तेलाचा डाग दिसला की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. डाग लहान असेल तर वरून तेल ओततात, मोठा असेल तर गाडी उभी करतात. तेल नेमकं कुठून गळतंय ते शोधणं मात्र होत नाही. यात कुणी आळशी आहे असं मी म्हणत नाही. ते काम कुणाच्या नावावरच नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

पोस्ट लांब आहे, आणि बरीचशी गिअरबॉक्सबद्दल आहे. ज्यांना राजकारणच वाचायचंय त्यांनी थोडा धीर धरावा, तिथेही येतो.

आमचा तालुका डोंगराळ. इथे एक फिरता दवाखाना चालतो. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यानंतर दुर्गम भागासाठी अशा गाड्या ठिकठिकाणी सुरू झाल्या. मिनी बसच्या चासीवर बांधलेलं हे एक छोटं घरच असतं म्हणा ना. आत तपासणीचं टेबल, औषधांचं कपाट, लहान फ्रिज, हात धुवायचं बेसिन, पाण्याची टाकी, छतावर एसी आणि मागच्या पेटीत जनरेटर. ठरलेल्या वारी ठरलेल्या पाड्यावर गाडी जाते. बीपी-शुगरच्या गोळ्या, गरोदर बायांची तपासणी, लेकरांचा ताप-खोकला. मोठी शस्त्रक्रिया वगैरे काही नाही. पण ज्या पाड्यावरून तालुक्याला यायला जीपचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी जाते, तिथे महिन्याच्या गोळ्या दारात मिळणं ही लहान गोष्ट नाही.

ही गाडी सात आठवडे उभी होती. कारण कागदावर एका ओळीत लिहिलेलं – ‘गिअरबॉक्स ऑइल लीकेज, ऑफ रोड.’ त्याआधी दोनदा मागचं ऑइल सील बदललं होतं. दोन्ही वेळा महिनाभरात डाग पुन्हा दिसला. मग एका गॅरेजने कोटेशन दिलं की गिअरबॉक्स उतरवून पूर्ण ओव्हरहॉल करावा लागेल. रक्कम मोठी, म्हणून तुलनेला आणखी दरपत्रकं मागवली, त्यात एक सही राहिली, मग साहेबांची बदली झाली. पुढचं तुम्हाला पाठ आहे. त्या सात आठवड्यांत एका पाड्यावर गेलो तर एक आजी बीपीची अर्धी-अर्धी गोळी खात होत्या. म्हणाल्या, ‘गाडी येईस्तोवर पुरवायची हायेत.’

मी गाडीचं लॉगबुक बघायला मागितलं. मिळालं, त्याबद्दल वैद्यकीय अधिकाऱ्यांचे आभार. त्यात जवळजवळ दर आठवड्याला एकच नोंद होती, ‘गिअर ऑइल टॉप-अप अर्धा लिटर’. आठ महिने! या नोंदींची बेरीज एकदाही कुणी केली नव्हती. केली असती तर प्रश्न लगेच पडला असता, कारण गिअरबॉक्समध्ये तेल मावतं किती आणि आपण ओततोय किती?

इथे थोडं गणित सांगतो. तेलाचे साधारण 20 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर. मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला 1440 थेंब, म्हणजे 72 मिलिलिटर. चहाचा कटिंग कप म्हणा. आठवड्याला अर्धा लिटर, महिन्याला दोन लिटरच्या वर. ज्या गळतीला आपण ‘थोडंसं पाझरतंय’ म्हणतो ती एवढी असते. इंजिनचं तेल कमी झालं तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. अशा साध्या गिअरबॉक्सला तसा दिवा नसतो. आतलं तेल संपत आलं की आधी बेअरिंग घरघरतात, मग गिअर अडकतात, आणि हे बहुतेक वेळा चढावर होतं कारण तिथेच सगळ्यात जास्त ताण असतो. पुढच्या सीलमधून गळत असेल तर तेल क्लचप्लेटवर जातं आणि घाटात क्लच घसरतो. काही गाड्यांचा हॅन्डब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या टोकालाच बसवलेला असतो, तिथलं सील गळलं तर तेल थेट ब्रेकवर. उतारावर उभ्या केलेल्या दवाखान्याच्या पायरीवर बाया-पोरं उभी असतात, हे डोळ्यांपुढे आणा. त्यामुळे गाडी उभी केली हे बरोबरच होतं. माझं भांडण त्यानंतरच्या सात आठवड्यांशी आहे.

आमच्या गावात एसटीतून निवृत्त झालेले एक मिस्त्री आहेत. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर धावली, तेव्हापासून या महामंडळाने जी माणसं तयार केली त्यांतले हे. दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतही काही वर्षं काढलेली. त्यांना मी गाडी बघायला घेऊन गेलो. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लॉगबुकात ‘ट्रायल’ अशी नोंद करून परवानगी दिली. पुढे जे झालं ते मी उभं राहून बघितलंय, म्हणून तपशिलात लिहितो.

मिस्त्रींनी आल्या आल्या पान्याला हात लावला नाही. गाडीखाली चार डाग होते, ते चारी बोटाने पुसून हुंगले.

‘पत्रकार, हे पाणी आहे. एसीचं,’ पहिल्या डागाला म्हणाले. दुसरा काळाकुट्ट, जळक्या वासाचा, म्हणजे इंजिन ऑइल, पण जुना आणि सुकलेला. तिसरा लालसर आणि पातळ. तो पॉवर स्टिअरिंगचा. ‘याला लोक गिअरबॉक्स समजतात, आणि उगाच गिअरबॉक्स उतरवतात.’ चौथा मात्र जाड, मधाच्या रंगाचा, आणि सडक्या अंड्यासारखा वास. तो गिअर ऑइलचा. त्यात दातांची झीज कमी व्हावी म्हणून गंधकाची संयुगं घालतात, त्याचा तो वास. म्हणजे ज्या एका ओळीवर गाडी सात आठवडे बंद होती, त्या ओळीतली गळती खरी होती, पण जमिनीवर दिसणारे तीन डाग तिचे नव्हतेच.

मग गाडी सपाट जागेवर घेतली. हे महत्त्वाचं आहे. आरोग्य केंद्राचं आवार एका बाजूला उतरतं आहे आणि गाडी रोज तिथेच तिरकी उभी असायची. चाकांना दगड लावले, मिस्त्री खाली शिरले आणि गिअरबॉक्सच्या कुशीतला लेव्हलचा नट उघडला. या गाडीला तेल भरायचं भोक आणि लेव्हल बघायचं भोक एकच. भोकाच्या कडेपर्यंत तेल असलं की पुरे. नट निघाला तसं तेल बाहेर आलं आणि येतच राहिलं. सव्वा लिटरच्या आसपास निघालं तेव्हा धार थांबली.

गळते म्हणून उभी केलेली गाडी, आणि आत तेल जास्त!

ड्रायव्हर भाऊ बाजूलाच होता. त्याचा चेहरा पडला. मिस्त्री त्याला म्हणाले, ‘तुझी चूक नाही रे बाबा. तिरक्या जागेवर भोक वरच्या अंगाला येतं. तेल दिसत नाही, मग माणूस ओतणारच.’ त्याला तेल ओतायला सांगितलं होतं, त्याने ओतलं. लेव्हल कशी बघायची ते कुणी सांगितलं नव्हतं. तो कंत्राटी आहे, त्याच्या आधी दोन ड्रायव्हर येऊन गेले, आणि गाडीसोबत आलेलं पुस्तक कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

त्यानंतर साफसफाई. अख्खा गिअरबॉक्स डिझेलच्या फडक्याने पुसला, मग कोरड्या कापडाने, शेवटी साबणाच्या पाण्याने. प्रेशरच्या पाण्याने धुवायला मिस्त्रींनी साफ नकार दिला. त्या फवाऱ्याने पाणी सीलच्या आत जातं आणि नवीनच दुखणं सुरू होतं. वाळल्यावर जोडांवर आणि सीलच्या भोवती टाल्कम पावडर मारली. हो, तीच, बाळाला लावतात ती. पांढऱ्या पावडरीवर तेलाची बारीक रेघसुद्धा लगेच उमटते. खाली पुठ्ठा अंथरायचा आणि त्यावर चाकाची खूण करायची, म्हणजे थेंब कुठल्या भागाखाली पडला ते कळतं.

आणि मग गाडी चालवायची. हे गॅरेजमध्ये सहसा करत नाहीत, कारण वेळ जातो. थंड गाडी गळत नाही. तेल गरम होऊन पातळ झालं पाहिजे. आम्ही वीसेक किलोमीटर गेलो, त्यात एक चढ. परत येऊन लगेच खाली बघितलं. धावत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो आणि वजन खाली ओढतं, त्यामुळे सगळ्यात ओला दिसणारा भाग बहुतेक वेळा निरपराध असतो. बघायचं असतं ते सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं ओलं ठिकाण. इथे ते मागच्या सीलपाशीच निघालं, म्हणजे दोनदा बदललेल्या त्याच सीलपाशी. इथपर्यंत गॅरेजवाले बरोबर होते.

पण नवं सील दोनदा का गेलं? मिस्त्रींनी सीलच्या कडेला असलेल्या फ्लँजवरून नख फिरवलं. चर पडली असेल तर नखाला लागते, आणि चर असेल तर कितीही नवं सील घाला, गळणारच. चर नव्हती. शाफ्ट धरून हलवून बघितला, बेअरिंगचा खेळ नव्हता. तेव्हा ते वरच्या बाजूला हात घालून चाचपडायला लागले. गिअरबॉक्सच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढी एक टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गिअरबॉक्सचं नाक म्हणा. पावसाळ्यात गाडी ओढ्यांतून जाते, त्याचा चिखल तिथे बसलेला, त्यावर तेल, त्यावर धूळ, आणि सगळं मिळून सिमेंटसारखं झालेलं. स्क्रू-ड्रायव्हरने टोकरलं तसा फुस्स करून आवाज आला. आम्ही सगळ्यांनी ऐकला.

कारण साधं आहे. गिअरबॉक्स 30 अंशांवरून 90 अंशांपर्यंत तापला तर आतली हवा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने फुगू पाहते. नाक उघडं असेल तर ती बाहेर जाते. बंद असेल तर दाब वाढतो, आणि सीलची रबरी कड तेल अडवायला बनवलेली असते, दाब पेलायला नाही. त्यात तेल प्रमाणाबाहेर. जास्त तेल घुसळून फेस होतं, आणखी तापतं, हवेला जागा आणखी कमी. म्हणजे ड्रायव्हर जितकं ओतत होता तितकं गळत होतं, आणि जितकं गळत होतं तितकं तो ओतत होता. आठ महिने.

ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुतला, फुंकर मारून बघितला, परत बसवला. पुन्हा पावडर, पुन्हा वीस किलोमीटर. पावडर कोरडी. स्टिअरिंगच्या पाइपची क्लॅम्प जाता जाता आवळली. नवीन पार्ट एकही लागला नाही. दुसऱ्या आठवड्यात पुठ्ठा बघितला, तोही कोरडा. ओव्हरहॉलचं कोटेशन फायलीतच आहे अजून.

थोडं विषयांतर. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हौशी मंडळीही ट्रॅव्हलरचं घर करून घेतायत. त्यांच्यासाठी हीच पद्धत लागू आहे. फक्त ऑटोमॅटिक गिअरची मोटरहोम असेल तर तेल बहुतेक लाल असतं, आणि ते थंड करायला पाइपांतून पुढे रेडिएटरकडे जाऊन परत येतं, म्हणून त्या पाइपांचे जोड आधी बघा. अशा गाड्यांत आणखी एक गंमत असते. महिनाभर उभ्या राहिल्या की टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू खालच्या पॅनमध्ये उतरतं, पातळी नेहमीपेक्षा वर जाते, आणि एरवी कोरडं राहणारं एखादं वरचं सील गळू लागतं. चालवलेल्या गाडीखाली काही नाही आणि उभ्या गाडीखाली थारोळं, असं दिसलं तर हे आठवा. असो.

आता मूळ मुद्दा. मिस्त्रींना त्या दिवसाचे पैसे मिळाले नाहीत. ते म्हणाले, ‘दवाखान्याची गाडी आहे, कसले पैसे.’ ते मोठ्या मनाचे आहेत. पण मला हेच सगळ्यात खटकतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यायचे असते तरी कोणत्या शीर्षाखाली देणार? बिलात सुटे भाग लिहिता येतात, मजुरी लिहिता येते. ‘अर्धा दिवस बघितलं, ब्रीदरमधला चिखल काढला’ याचं बिल कसं करायचं? लेखापरीक्षणात पहिला प्रश्न येईल, बदललं काय? दीड-दोन हजारांच्या शोधाचं बिल अडकतं आणि लाखाच्या ओव्हरहॉलचं कोटेशन मात्र नियमात बसतं, कारण त्यात भागांची यादी असते. गॅरेजवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याचे पैसे मिळतात ते तो सुचवणार.

यावर एका अधिकाऱ्याने मला जे सांगितलं ते इथे मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. ते म्हणाले, आमच्याकडे डॉक्टरांची पदं रिकामी आहेत, डॉक्टरने गाडीखाली झोपायचं का? शिवाय 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून पुढे वाढवत नाहीत, मग जुनाट गाडीवर वेळ कशाला घालवायचा? पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. डॉक्टरने झोपू नये. पण मग कुणीतरी झोपायला हवं, आणि त्याला त्याचे पैसे मिळायला हवेत. दुसरा मुद्दा मला उलटा वाटतो. ही गाडी नऊ वर्षांची आहे. नियमाप्रमाणे अजून सहा वर्षं आहेत तिची. नवीन गाडी येईल तेव्हा तिलाही ब्रीदर असेलच आणि आमचे ओढेही इथेच असतील. चकचकीत गाडीचं लोकार्पण करायला आमदार, खासदार, सभापती सगळे येतात. फोटो मीच छापतो. लॉगबुकातली टॉप-अपची बेरीज कोण करतो हे विचारायला कुणी येत नाही.

एसटीवर आपण रोज टीका करतो, मीही करतो. पण डेपोत गाडीखाली माणूस उतरू शकेल असा पिट असतो, ठरलेल्या दिवशी तपासणी असते, आणि खाली वाकून बघणं हे कुणाचं तरी नेमून दिलेलं काम असतं. तालुक्याच्या ठिकाणी ज्या सरकारी गाड्या धावतात, दवाखान्याची, नगरपंचायतीची घंटागाडी, पाण्याचा टँकर, त्यांना असं काहीच नाही. प्रत्येक खात्याची गाडी वेगळी, फाइल वेगळी, गॅरेज वेगळं. आणि एसटीचा पिट त्याच गावात, अर्ध्या किलोमीटरवर.

मी संबंधित कार्यालयाला लेखी दिलंय. त्यात तीन मागण्या आहेत. दुरुस्तीच्या प्रत्येक प्रस्तावात बिघाडाचं कारण आणि ते कसं शोधलं याच्या दोन ओळी सक्तीच्या कराव्यात, आणि या शोधाची मजुरी वेगळी धरावी. लॉगबुकात तेलाच्या टॉप-अपची महिन्याची बेरीज ड्रायव्हरने लिहावी, आणि ती ठरावीक आकड्यावर गेली तर गाडी तपासणीला पाठवायचा अधिकार त्यालाच असावा, कारण गाडीखालचा डाग रोज सकाळी पहिल्यांदा तोच बघतो. आणि महिन्यातून एक दिवस एसटी डेपोचा पिट बाकीच्या सरकारी गाड्यांना, रीतसर भाडं घेऊन, मिळावा. डेपोतल्या लोकांशी तोंडी बोललो, त्यांची ना नाही. लेखी आदेश हवा म्हणतात.

अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर नाही. दवाखान्याची गाडी सध्या चालू आहे. ब्रीदरला मिस्त्रींनी रबरी नळीचा तुकडा लावून तोंड वर, चासीच्या आडोशाला नेलंय, म्हणजे ओढ्याचं पाणी तिथवर जाऊ नये. तुमच्या तालुक्यातली अशी एखादी गाडी किती दिवसांपासून उभी आहे आणि कागदावर कारण काय लिहिलंय, ते जरा विचारून बघा आणि मला कळवा. लॉगबुकाची पानं मिळाली तर उत्तमच.